तंजावरचे भात आणि सावकाराचा कागद

तंजावर हे नाव घेतले की परप्रांती राहणाऱ्या मराठी माणसाच्या मनासमोर काही ठराविक चित्रे उभी राहतात. सरस्वती महालातील पोथ्या, मोडी दफ्तराचे रुमाल, बृहदीश्वराच्या भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ साली कोरवून घेतलेला भोसले घराण्याचा प्रदीर्घ शिलालेख, आणि कावेरीच्या काठी सुमारे एकशेऐंशी वर्षे नांदलेले मराठी राज्य. ह्या गोष्टींचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे आणि तो रास्तही आहे. परंतु पोथ्या आणि शिलालेख हे राज्याचे एक अंग झाले. कोठार, वसूल आणि कर्ज हे त्याचे दुसरे अंग. आणि तंजावरच्या ह्या दुसऱ्या अंगाची चर्चा आपल्यात फारशी होत नाही. प्रस्तुत लेखात आम्ही वाचकांचे लक्ष तिकडे वेधू इच्छितो. १७७३ ते १७७६ ह्या तीन वर्षांत तंजावरच्या महसुलावर आणि शेतात उभ्या असलेल्या पिकावरही मद्रासेतील एका इंग्रज चाकराच्या नावाने कागद झाले होते. संपत्ती थोड्या हातांत का साठते, आणि तिचे साठणे केव्हा न्याय्य मानावे व केव्हा मानू नये, ह्या प्रश्नावर अर्थशास्त्राचे ग्रंथ पुष्कळ आहेत. पण एखादा जुना हिशेब नीट उलगडून पाहिला तर ग्रंथांतील पुष्कळशी वाक्ये आपोआप स्पष्ट होतात, असा आमचा अनुभव आहे.

प्रथम भूमीविषयी. कावेरी तंजावर प्रांतात शिरताना अनेक फाट्यांनी पसरते. करिकाल चोळाच्या नावाने ओळखला जाणारा कल्लणै हा प्राचीन बांध पाणी शेतांकडे वळवितो, आणि नदीने आणलेल्या गाळावर भाताची पिके उभी राहतात. पाऊस दगा देईल तर मैसूरच्या पठारावर वा दख्खनेत हाहाकार उडे, परंतु डोंगरांवरून येणारी कावेरी तंजावरास सहसा विन्मुख जाऊ देत नसे. दक्षिण हिंदुस्थानातील प्रत्येक सत्ताधीशाची नजर ह्या प्रांतावर खिळलेली असे, ती ह्याच कारणाने. शहाजीराजांचे पुत्र एकोजी ह्यांनी १६७५-७६ च्या सुमारास येथे मराठी गादी स्थापन केली, त्यांना मिळालेले खरे धन म्हणजे हे पाणी आणि हा गाळ.

ह्या भाताचे वाटे ठरलेले असत. राजाचा वाटा तो 'मेलवारम', म्हणजे वरचा वाटा. कसवणुकीचा हक्क असलेल्यांचा वाटा तो 'कुडिवारम'. कुडिवारमाचे धनी म्हणजे मिरासदार. 'मिरास' हा शब्द आपल्या महाराष्ट्रातील वतनदारीच्या भाषेतील असल्याने त्याचा अर्थ वाचकांस सांगावयास नको. पण तंजावरच्या मिरासदारांपैकी पुष्कळांच्या हाताला चिखल लागत नसे. चिखलात उभे राहून लावणी आणि कापणी करणारे लोक मुख्यतः पळ्ळर आणि परैयर जातींचे होते. ते पिढ्यान्पिढ्या मालकाच्या जमिनीस बांधलेले असत, आणि त्यांस मिळे ते मोजून दिलेले भात. म्हणजे पीक एक, आणि त्यावर तीन हात : वरचा हात राजाचा, मधला मिरासदाराचा, आणि सर्वांत खालचा ते पिकविणाऱ्याचा. पुढची सारी हकीकत ह्या रचनेवर चौथा हात कसा येऊन पडला ह्याची आहे.

हा चौथा हात समजण्यासाठी अर्काटच्या नबाबाकडे वळले पाहिजे. महंमद अली वालाजाह हा इंग्रजांच्या पाठिंब्याने कर्नाटकचा नबाब झाला. ज्या कंपनीने त्याला गादीवर बसविले तिच्या फौजेचा खर्च त्याच्या माथी बसला. आणि तो भागविण्यासाठी त्याने कर्ज काढले ते त्याच कंपनीच्या चाकरांकडून. व्याजाचे दर आरंभी शेकडा ३० च्याही वर होते. मद्रासेतील मुलकी अधिकारी, लष्करी अंमलदार आणि व्यापारी ह्यांनी आपले पैसे ह्या कर्जात गुंतविले, कारण असे व्याज जगात दुसरीकडे कोठे मिळणार? नबाबाजवळ रोकड नसल्याने तो वराती देई. वरात म्हणजे अमुक परगण्याचा वसूल अमुक इसमास द्यावा असा हुकूम. पेशवाईच्या कागदपत्रांशी परिचय असलेल्यांना हा प्रकार पूर्ण ठाऊक आहे. मद्रासचे इंग्रज अशा वरातीस आपल्या कागदांत 'तनखा' ह्या देशी शब्दानेच संबोधीत. वरात फिटेपर्यंत परगण्याचा धनी नावाला नबाब आणि व्यवहारात सावकार असा प्रकार होई. वसुलासाठी रयत पिळली जाई, पिळल्याने उत्पन्न घटे, उत्पन्न घटल्याने नवे कर्ज निघे, आणि नव्या कर्जासाठी तारण म्हणून नवा मुलूख हवा असे.

हा नवा मुलूख म्हणजे तंजावर. तंजावरचा राजा आपला मांडलिक आहे असे नबाबाचे म्हणणे होते, आणि १७६२ साली मद्रासच्या गव्हर्नराच्या मध्यस्थीने झालेल्या तहात राजाने दरसाल ४ लक्ष रुपये खंडणी देण्याचे कबूल केले होते. प्रतापसिंहांच्या मागून १७६३ मध्ये गादीवर आलेले तुळजाजीराजे ह्या ओझ्याखाली वाकले. १७७१ मध्ये कंपनीची फौज घेऊन नबाबाच्या पुत्राने तंजावरास वेढा दिला आणि जबर रक्कम कबूल करवून घेतली. ती फेडण्यासाठी राजाने डच आणि डेनिश व्यापाऱ्यांकडे जमिनी व जडजवाहीर गहाण टाकले. १७७३ च्या सप्टेंबरात कंपनीच्या फौजेने नबाबासाठी तंजावरचा किल्ला घेतला, राजा स्वतःच्याच वाड्यात कैदी झाला आणि प्रांताचा वसूल नबाबाच्या हाती गेला. ह्या स्वारीचे कारण म्हणून खंडणीची बाकी पुढे केली जाई. ते कारण अगदीच खोटे होते असे नाही. परंतु नबाबाच्या सावकारांस तंजावर किती उपयोगी होते हे ध्यानात घेतल्यावाचून त्या मोहिमेचा अर्थ लागत नाही. बुडत चाललेल्या कर्जाला नवे व भक्कम तारण मिळाले. आणि ज्या मद्रास कौन्सिलाने फौज पाठविण्याचा निर्णय घ्यावयाचा त्यातील कित्येकांचे स्वतःचे पैसे नबाबाकडे अडकलेले होते.

लंडनच्या संचालकांना हे कृत्य पसंत पडले नाही. त्यांनी राजाला परत गादीवर बसविण्याचा हुकूम देऊन लॉर्ड पिगट ह्यास गव्हर्नर म्हणून धाडले. पिगट हा कोणी निःस्पृह साधू नव्हे. आपल्या पहिल्या कारकीर्दीत तोही मद्रासेहून मोठी माया घेऊन गेला होता. तथापि ह्या वेळी त्याने हुकूम बजावला. एप्रिल १७७६ मध्ये तो स्वतः तंजावरास गेला आणि तुळजाजींस गादी परत मिळाली. आता इतिहासाचे पान येथे उलटावयास हवे होते. पण गव्हर्नर मद्रासेस परतल्यावर पॉल बेनफील्ड नावाच्या कंपनीच्या एका कनिष्ठ चाकराने कौन्सिलापुढे आपला हिशेब ठेवला. नबाबाला दिलेल्या कर्जापोटी तंजावरच्या महसुलावर आपल्या नावे ४,०५,००० होनांच्या वराती आहेत, आणि तेथील लोकांना दिलेल्या कर्जापोटी उभ्या पिकावर आणखी १,८०,००० होनांचे कागद आहेत, असे त्याचे म्हणणे. इंग्रजी नाण्यात ही रक्कम १,६२,००० आणि ७२,००० पौंड, एकूण २,३४,००० पौंड झाली. राजा गादीवर येवो वा न येवो, आपले भात आपल्याला मिळाले पाहिजे, असा ह्या मागणीचा भावार्थ.

वाचकांपैकी बहुतेकांचा हिशेबाशी नित्य संबंध येत असल्यामुळे त्यांच्या मनात पहिला प्रश्न कोणता उद्भवेल हे आम्ही जाणतो. ज्याचा पगार वर्षाला काही शेकडे पौंड, त्याने अडीच लक्षांच्या आसपास कर्ज दिले कोठून? हाच प्रश्न कौन्सिलानेही प्रथम विचारला. पुरावा मागितला गेला, तो समाधानकारक मिळाला नाही. व्यक्तींवरील मागणीचा पुरेसा खुलासा झालेला नाही आणि नबाबाच्या वराती ग्राह्य धरता येत नाहीत, असा ठराव झाला. परंतु थोड्याच दिवसांत वारे फिरले. बहुमताने तोच विषय पुन्हा घेतला आणि बेनफील्डच्या बाजूने कौल दिला. तंजावरास कोणता अधिकारी पाठवावा ह्यावरून गव्हर्नर आणि बहुमत ह्यांचा झगडा विकोपास गेला, कारण जो अधिकारी तेथे जाईल त्याच्या हाती त्या वसुलीची किल्ली राहणार होती. २४ ऑगस्ट १७७६ रोजी कौन्सिलाच्या बहुमताने आपल्याच गव्हर्नराला अटक करविली. लॉर्ड पिगट कैदेतच ११ मे १७७७ रोजी मरण पावला. पुढे इंग्लंडात ह्या प्रकरणी कौन्सिलातील चौघांवर खटला होऊन ते दोषी ठरले, आणि त्यांस प्रत्येकी १,००० पौंड दंड झाला. मागणीचा आकडा आणि दंडाचा आकडा शेजारी शेजारी लिहून पाहिले म्हणजे त्यावर अधिक भाष्य करण्याचे कारण उरत नाही.

ज्या १७७६ च्या उन्हाळ्यात मद्रासेत हा हिशेब मांडला गेला, त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात ॲडम स्मिथचा 'वेल्थ ऑफ नेशन्स' हा ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. भांडवलशाहीचे आद्य समर्थन म्हणून आज ज्या ग्रंथाकडे बोट दाखविले जाते त्यात ईस्ट इंडिया कंपनीवर अत्यंत कठोर टीका आहे, हे पुष्कळांच्या ध्यानात नसते. मक्तेदार व्यापाऱ्यांच्या हाती राज्य जाणे हे कोणत्याही देशाचे मोठे दुर्दैव होय, असे त्याचे मत होते. ज्यांना माया जमताच देश सोडून जावयाचे आहे, त्यांना मागे त्या देशाचे काय होईल ह्याची फिकीर कशी असणार, असा त्याचा युक्तिवाद. पण त्याने व्यक्तींना दुष्ट ठरविले नाही. त्या जागी बसविलेला कोणीही माणूस बहुधा तसाच वागला असता. दोष व्यवस्थेचा आहे, असे तो म्हणतो. बेनफील्डची कथा ऐकून आपल्याला संताप येतो, तेव्हा स्मिथचा हा शांत निर्णय स्मरणात ठेवणे हितावह आहे.

आणि येथेच भांडवलाविषयीचा एक भेद आमच्या मते स्पष्ट केला पाहिजे. भांडवल साठणे हाच अन्याय, असे म्हणणे तंजावरच्या इतिहासाला धरून होणार नाही. १८३६ च्या सुमारास आर्थर कॉटन ह्या अभियंत्याने कोळ्ळिडम नदीवर वरचा व खालचा असे दोन बांध घातले. त्यामुळे कावेरीच्या फाट्यांत पाणी टिकून राहू लागले आणि भाताचे क्षेत्र सुरक्षित झाले. त्यास पैसा लागला, आणि तो पैसा कोठेतरी एकत्र साठल्यावाचून लागला नसता. ज्या पैशामुळे एका शेतात पूर्वीपेक्षा अधिक भात येते, त्याच्या धन्याला त्या वाढीतील काही हिस्सा मिळावा ह्यात गैर असे काही दिसत नाही. बेनफील्डच्या २,३४,००० पौंडांनी मात्र तंजावरात एकही पाट खणला नाही. नबाबास दिलेली रक्कम फौजेवर आणि दरबारावर गेली असेल, किंवा ती कधी दिलीच गेली नसेल. पण तिची परतफेड ज्या खळ्यावरून व्हावयाची, त्या खळ्यात तिने एका दाण्याचीही भर घातली नव्हती. पहिल्या प्रकारचे भांडवल पीक वाढविते, दुसऱ्या प्रकारचे केवळ पिकावरील हक्काचा कागद वाढविते. दोहोंनाही हिशेबाच्या वहीत 'संपत्ती' असेच नाव पडते, आणि तेथून सारा घोटाळा सुरू होतो. फ्रेंच अर्थशास्त्रज्ञ तोमा पिकेटी ह्यांच्या २०१३ च्या ग्रंथानंतर, भांडवलावरील मोबदला देशाच्या उत्पन्नापेक्षा अधिक वेगाने वाढतो तेव्हा संपत्ती थोड्यांच्या हाती गोळा होते ह्याची चर्चा जगभर झाली. ती चर्चा वाचताना आम्हांस वाटते की मोबदल्याच्या वेगाबरोबर त्याचे मूळही विचारावे : हा मोबदला पाटाचा आहे की कागदाचा?

कागदाची कथा मद्रासेत संपली नाही. १७८४ च्या पिटच्या कायद्याने नबाबाच्या कर्जांची चौकशी करण्याचे संचालकांवर बंधन घातले होते. पण नव्या नियामक मंडळाने चौकशीवाचूनच कर्जे मान्य केली, आणि कर्नाटकच्या महसुलातून दरसाल १२ लक्ष होन सावकारांकडे वळविण्याची तजवीज झाली. २८ फेब्रुवारी १७८५ रोजी एडमंड बर्कने पार्लमेंटात ह्याविरुद्ध आपले प्रसिद्ध भाषण केले. मद्रासेत जमविलेल्या पैशाने पार्लमेंटातील जागा विकत घेतल्या गेल्या आणि त्या मतांच्या मोबदल्यात चौकशी टळली, असा त्याचा आरोप होता. बर्कही सर्वस्वी तटस्थ साक्षीदार नव्हता. त्याचा नातलग विल्यम बर्क लंडनात तुळजाजीराजांचा वकील म्हणून काम करीत असे. तरीही बर्कचा मुद्दा त्यामुळे दुबळा होत नाही. पैसा सत्तेच्या आश्रयाने मिळाला, आणि मिळालेल्या पैशाने सत्तेचा आणखी एक तुकडा घेतला, की पहिल्या व्यवहाराची चौकशी करणाराच उरत नाही. संपत्तीच्या केंद्रीकरणाचे खरे भय हे आहे. एकाजवळ दहा वाडे आणि दुसऱ्याजवळ झोपडी, ही विषमता डोळ्यांना खुपते; परंतु ज्याच्याजवळ दहा वाडे आहेत त्याला 'हे कसे मिळविलेस?' असे विचारण्याचा अधिकार ज्याच्या हाती आहे, तोही त्याचाच आश्रित होतो, तेव्हा विषमता कायम होऊन बसते.

चौकशी झाली असती तर काय दिसले असते? ह्याचे उत्तर काळाने दिले. १८०१ मध्ये कंपनीने कर्नाटक खालसा केले. आता कर्ज फेडण्याची पाळी तिच्या स्वतःवर आली. तेव्हा कोठे दावे तपासण्यासाठी कमिशन नेमण्यात आले आणि त्याचे काम पुढे कित्येक वर्षे चालले. दाव्यांची एकंदर रक्कम सुमारे ३ कोटी पौंड होती. कमिशनला त्यातील ग्राह्य वाटली ती सत्तावीस लक्षांहूनही थोडी कमी. म्हणजे दहा कागदांतील नऊ कागद पहिल्याच प्रश्नाला उत्तर देऊ शकले नाहीत. बेनफील्डविषयी सांगावयाचे तर त्याची माया पुढे बुडाली आणि १८१० मध्ये पॅरिस शहरी तो दारिद्र्यात मेला. ह्यात कोणास ईश्वरी न्याय दिसेल. पण त्याच्या दारिद्र्याने कावेरीकाठच्या कोणाच्याही कणगीत पायलीभर भात परत आले नाही, म्हणून त्या न्यायाचा आम्हांस फारसा दिलासा वाटत नाही.

महाराष्ट्रात ह्याच प्रश्नाला शंभर वर्षांनी एक निराळे उत्तर मिळाले, ते येथे नमूद केले पाहिजे. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यात सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांवर उठाव केला आणि ते लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरले. त्यांचा रोख मुख्यतः कर्जरोख्यांवर होता. रोखे हाती लागले की ते जाळीत. त्यानंतर १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा आला आणि पुणे, अहमदनगर, सोलापूर व सातारा ह्या जिल्ह्यांना लागू झाला. त्या कायद्यातील महत्त्वाची गोष्ट अशी की सावकाराने रोखा पुढे केला तरी न्यायालयाने तेवढ्यावर समाधान मानावयाचे नाही. रोख्याच्या मागे जाऊन व्यवहाराचा आरंभापासून हिशेब घ्यावयाचा, मुद्दल किती आणि व्याज किती हे वेगळे काढावयाचे. ह्या कायद्याच्या अंमलबजावणीसाठी विशेष न्यायाधीश म्हणून गावोगाव फिरून काम केलेल्यांत न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे होते. कायदा निर्दोष नव्हता. सावकाराने हात आखडता घेतल्याने शेतकऱ्याला कर्ज मिळणे कठीण झाले, अशी तक्रार पुढे झाली. परंतु कागदाच्या मागे जाण्याचे तत्त्व त्याने प्रस्थापित केले. लंडनच्या नियामक मंडळाने १७८४ मध्ये जे नाकारले होते ते हेच.

तंजावरच्या राजघराण्यालाही ह्या तत्त्वाची उणीव पुढे भासावयाची होती. १७९९ च्या तहाने दुसऱ्या सरफोजींनी राज्यकारभार कंपनीच्या स्वाधीन केला. त्यांजकडे किल्ला, वर्षाला १ लक्ष होन आणि निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा एवढे राहिले. त्यांचे पुत्र शिवाजी १८५५ मध्ये निपुत्रिक वारले आणि संस्थान खालसा झाले. त्याबरोबर राजाची खासगी मालमत्ताही कंपनीने ताब्यात घेतली. राणी कामाक्षीबाईंनी मद्रासेत दावा जिंकला. पण १८५९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने तो फिरविला. हे राज्यसत्तेचे कृत्य आहे, ते न्याय्य की अन्याय्य ह्याचा विचार न्यायालयास करता येत नाही, असा त्या निकालाचा मथितार्थ. १८६२ मध्ये सरकारने ती मिळकत राण्यांना परत केली खरी, पण ती हक्क म्हणून नव्हे. बेनफील्डचा कागद तपासावयाचा नाही आणि राणीचा दावा तपासता येत नाही : ह्या दोन्ही नकारांचा लाभ बलवानाच्याच पदरात पडला, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

येथवर वाचून मराठी वाचकास आपल्या राजांविषयी सहानुभूती आणि परक्या सावकारांविषयी चीड वाटली तर ते समजण्यासारखे आहे. पण लेख येथे थांबविणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. मेलवारम घेणारा हात आपलाच होता. शहाजीराजांनी १६९३ साली तिरुविसनल्लूर गाव पंडितांना दान दिला आणि तेथे विद्येचा मोठा उत्कर्ष झाला. त्या विद्येचा पाया मात्र कोणीतरी लावलेल्या भातावर होता. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या कंपनीच्या कागदपत्रांत तंजावर प्रांतातील मिरासदारांची संख्या ६२,०४८ अशी दिली आहे. आणि ५,७८३ गावांपैकी १,८०७ गावे 'एकभोगम', म्हणजे अख्खे गाव एकाच धन्याचे, अशी नोंद आहे. नबाब गेला, सावकार गेले, राजेही गेले. ही रचना राहिली. जो चिखलात उभा होता त्याच्याजवळ मात्र वरात नव्हती, रोखा नव्हता, शिलालेख नव्हता. कागदाच्या मागे जावे म्हणावे, तर त्याच्यापाशी कागदच नव्हता.

त्याच्या नावाचा कागद फार सावकाश तयार झाला. १८४३ च्या कायद्याने गुलामीचे हक्क न्यायालयात मागता येईनासे झाले, तरी कर्जाच्या आणि भाताच्या दोरीने माणसे बांधलेलीच राहिली. १९५२ साली, राजगोपालाचारी मुख्यमंत्री असताना, खास तंजावरसाठी कुळे आणि 'पन्नैयाळ' म्हणजे सालाने बांधलेले मजूर ह्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. भाताचा किती वाटा मजुराला मिळावा हे त्यायोगे सरकारी कागदावर आले. कागदावर आलेले शेतात उतरण्यास आणखी काळ लागला. २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री त्या वेळच्या तंजावर जिल्ह्यातील किळवेण्मणी गावी, मजुरीच्या भातात वाढ मागणाऱ्या दलित मजुरांच्या वस्तीवर हल्ला झाला. एका झोपडीत आसऱ्यास गेलेली ४४ माणसे, त्यांत बहुतेक स्त्रिया व मुले, जळून मेली. पुढच्याच वर्षी रास्त मजुरीचा कायदा आला. ज्या जमीनदारांवर खटला झाला ते पुढे उच्च न्यायालयातून सुटले. किळवेण्मणी गाव हल्ली नागपट्टिणम जिल्ह्यात मोडते. काही पावशेर भाताचा तो वाद होता. १७७६ मध्ये पाच लक्ष पंच्याऐंशी हजार होनांच्या भातासाठी एका गव्हर्नराला कैदेत मरण आले, आणि १९६८ मध्ये पावशेरांच्या भातासाठी ४४ जणांना. पहिल्याची नोंद प्रत्येक इतिहासात सापडते, दुसऱ्यांच्या नोंदीसाठी शोध घ्यावा लागतो.

भांडवलशाही न्याय्य आहे काय, असा सरसकट प्रश्न विचारणाऱ्यास तंजावरचा इतिहास सरसकट उत्तर देत नाही. तो तीन प्रश्न मात्र हाती देतो. ह्या संपत्तीने पीक वाढले की केवळ पिकावरील हक्क वाढला? तो हक्क उत्पन्न झाला तेव्हा सत्ता कोणाच्या बाजूस होती? आणि ज्याने पीक काढले त्याचे नाव ह्या कागदावर कोठे आहे? ज्या समाजात हे तीन प्रश्न निर्भयपणे विचारता येतात तेथे मोठी संपत्तीही सुसह्य होते. जेथे ते विचारता येत नाहीत तेथे लहानशी सावकारीही जुलमी ठरते.

हे प्रश्न विचारण्याचे काम शेवटी कोणाच्या वाट्याला येते? मद्रासेच्या कौन्सिलात ते एकदा विचारले गेले होते. पुरावा काय, असे कोणीतरी म्हटले होते, आणि काही दिवस का होईना, तो कागद अडून राहिला होता. तो अडविणारे राजे वा सेनापती नव्हते. टेबलाशी बसून दुसऱ्याच्या हिशेबावर शेरा मारणारे, पगारी, घरापासून दूर आलेले असेच ते लोक होते. त्यांच्यातील बहुमत पुढे फिरले, कारण त्यांतील कित्येकांचे स्वतःचे हिशेब त्याच वहीत होते. घरापासून दूर, परक्या मुलखात अधिकाराची जागा सांभाळणाऱ्या आमच्या वाचकांना ह्यातून काय घ्यावयाचे ते आम्ही सांगण्याची आवश्यकता नाही. तंजावरास जाण्याचा योग आला तर सरस्वती महाल आणि बृहदीश्वराचा शिलालेख त्यांनी अवश्य पाहावा. त्यानंतर सवड काढून शहराबाहेर कावेरीच्या एखाद्या फाट्याच्या बांधावर उभे राहावे आणि समोर पसरलेल्या भाताकडे पाहावे. शिलालेखावर राजांची नावे आहेत. त्यांच्या राज्याचा हिशेब त्या भातात आहे.